'शायनी' : आलेख उघडण्यापूर्वी

'आर' ही सांख्यिकीची संगणकभाषा १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी घडविली. २०१२ साली तिला 'शायनी'ची जोड मिळाली. शायनीच्या ॲपची दोन अंगे असतात : पडद्यावरील मांडणी आणि तिच्यामागचे गणित. 'रनॲप' ही आज्ञा देताच ॲप ब्राउझरमध्ये उघडते; पर्याय बदलला की आलेख बदलतो. मुळात ते त्याच संगणकापुरते असते व 'आर' बंद होताच थांबते. 'होस्ट'चा पत्ता बदलल्यास मात्र नेटवर्कवरील इतरांनाही ते दिसू शकते. म्हणून गुणांची आकडेवारी घेताना विद्यार्थ्यांची नावे आधीच वगळावीत. लहान वर्गात नावाशिवायही विद्यार्थी ओळखू येतो. तेथे केवळ वर्गाची सरासरी दाखवावी.