सबवूफरचा अॅम्प्लिफायर घेताना कोणते वॅट मोजावेत?

२००० च्या दशकात मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत दाखल झालेल्या 'फाइव्ह पॉइंट वन' होम थिएटर संचांची आता एक ठरावीक गत झालेली दिसते. डीव्हीडी प्लेअर आणि अॅम्प्लिफायर एकत्र असलेला मुख्य डबा बंद पडतो, त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात. पण सोबतचा सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज देणारा लाकडी खोका, ठणठणीत असतो. तो भंगारात देण्याऐवजी त्याला स्वतंत्र अॅम्प्लिफायर जोडावा, हा विचार रास्तच आहे. अडचण बाजारात गेल्यावर सुरू होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तापकीर गल्ली असो की ऑनलाइन दुकाने, 'शंभर वॅट', 'तीनशे वॅट', 'हजार वॅट' असे छापलेले डबे स्वस्तात समोर येतात आणि ग्राहक साहजिकच मोठ्या आकड्याकडे वळतो.

खर्जाला अधिक शक्ती लागते, हे खरे. अतिशय खालच्या स्वरांबाबत माणसाचा कान मुळात कमी संवेदनशील असतो. शिवाय हे स्वर ऐकू येण्याजोगे व्हायचे तर स्पीकरच्या पडद्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते. बास गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, तर चित्रपटांतील स्फोट आणि गडगडाट त्याहूनही खाली उतरतात. तेव्हा वॅट हवेतच. प्रश्न आहे तो कोणते वॅट, हा.

डब्यावर 'पीएमपीओ' लिहिलेले असेल, तर तो आकडा विसरून जावा. निमिषभरासाठी मिळू शकणाऱ्या शक्तीचा तो काल्पनिक अंदाज असतो आणि तो मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. अशा फुगवलेल्या दाव्यांना आवर घालण्यासाठी अमेरिकेच्या व्यापार आयोगाला १९७४ मध्येच नियम करावा लागला होता. २०२४ मध्ये तो पुन्हा सुधारण्यात आला. ग्राहकाने पाहायचा तो 'आरएमएस' आकडा, म्हणजे अॅम्प्लिफायर सतत देऊ शकेल अशी शक्ती. त्याच्यापुढे किती ओहमला आणि किती विकृतीसह हे लिहिलेले नसेल, तर तोही अर्धवटच समजावा.

छापील आकडा पारखण्याचा एक बिनखर्ची मार्ग आहे. यंत्रातून बाहेर पडणारी शक्ती आत येणाऱ्या शक्तीपेक्षा जास्त असू शकत नाही. 'शंभर वॅट'च्या डब्यासोबत १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर मिळत असेल, तर गुणाकार होतो २४ वॅट. उरलेले ७६ वॅट फक्त खोक्यावर असतात! दुसरी मर्यादा व्होल्टेजची. १२ व्होल्टच्या साध्या अॅम्प्लिफायरला ४ ओहमच्या स्पीकरमध्ये, आवाज फाटू न देता, फार तर १८ वॅट देता येतात. पुरवठा २४ व्होल्टचा केला की हीच कमाल मर्यादा ७२ वॅटवर जाते. व्होल्टेज दुप्पट तर शक्ती चौपट. घरात पडून असलेला १९ व्होल्ट, ९० वॅटचा लॅपटॉपचा अडॅप्टर या हिशेबाने ४५ वॅटपर्यंत नेतो. मध्यम आकाराच्या खोलीतल्या जुन्या सबवूफरला तेवढे बहुधा पुरते. एखादा क्षणिक ठोका आतले कॅपॅसिटर सांभाळून नेतात, पण लांबलेला गडगडाट मात्र अडॅप्टरची खरी ताकद उघडी पाडतो.

त्यानंतरचा मुद्दा ओहमचा. सबवूफरच्या मागे तो लिहिलेला असतो. नसल्यास मल्टिमीटर लावून पाहावे: ८ ओहमचा स्पीकर सहाच्या आसपास, तर ४ ओहमचा साडेतीनच्या आसपास आकडा दाखवतो. जुन्या संचांत ३ ओहमचे स्पीकरही आढळतात. अॅम्प्लिफायर किमान किती ओहम पेलतो, हे पाहिल्याखेरीज जोडणी करू नये. दोन चॅनेल एकत्र करून, म्हणजे 'ब्रिज' करून, जास्त शक्ती मिळवण्याची सोय मोहात पाडणारी आहे. परंतु त्या जोडणीत प्रत्येक चॅनेलला स्पीकरच्या निम्मेच ओहम दिसतात. ४ ओहमचा सबवूफर तिथे २ ओहमचा ठरतो आणि अॅम्प्लिफायर तापून बंद पडतो.

'क्लास डी' प्रकाराबद्दल जुन्या शौकिनांच्या मनात अजून अढी आहे. सबवूफरपुरती ती सोडून द्यायला हरकत नाही. 'क्लास एबी' यंत्रात विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत जातो, म्हणून त्याला जड ट्रान्सफॉर्मर आणि भलेमोठे हीटसिंक लागते. क्लास डी मध्ये ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोहोचते. 'टीपीए ३११६' या चिपचे तयार बोर्ड काहीशे रुपयांत मिळतात ते त्यामुळेच. मात्र घेताना 'सबवूफर' किंवा 'लो-पास फिल्टर' असा उल्लेख असलेलाच बोर्ड निवडावा. या फिल्टरमुळे साधारण ८० ते १२० हर्ट्झच्या वरचे स्वर अडवले जातात. तो नसेल तर निवेदकाचा आवाजही खोक्यातून घुमू लागेल. रिसीव्हरच्या 'सब आउट'मधून जोडणी करणार असाल, तर तिथे गाळणी आधीच झालेली असते. अशा वेळी अॅम्प्लिफायरवरील फिल्टरची कळ वरच्या टोकाला ठेवावी.

खिसा थोडा सैल करता येत असेल, तर खोक्यातच बसणारा 'प्लेट अॅम्प्लिफायर' सर्वांत सोयीचा. मोटारीचा अॅम्प्लिफायर घरात लावण्याचा खटाटोप वरवर स्वस्त वाटतो. पण १२ व्होल्टवर खरे ३०० वॅट काढायचे, तर ३० अँपिअरच्या आसपास पुरवठा लागतो, आणि त्याचा खर्च जमेस धरला की स्वस्ताई संपते. मंडपातली व्यावसायिक यंत्रे दणकट खरी, पण त्यांच्या पंख्याची घरघर दिवाणखान्यात खटकते.

किती वॅटवर थांबावे? शक्ती दुप्पट केली की आवाज वाढतो अवघा ३ डेसिबलने. म्हणजे १०० ऐवजी २०० वॅटचे पैसे मोजून फरक कळेल, पण तो दुप्पट मुळीच वाटणार नाही. त्याहून मोठा फरक अनेकदा खोका भिंतीलगत किंवा कोपऱ्यात सरकवल्याने पडतो, आणि तो फुकट असतो. सबवूफरवर लिहिलेल्या आरएमएस आकड्याच्या आसपासचा अॅम्प्लिफायर घ्यावा. फार लहान अॅम्प्लिफायर पूर्ण पिळला, तर फाटलेल्या आवाजाने व्हॉइस कॉइल जळण्याची भीती असते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात घ्यावी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती मोजण्याच्या 'ए' पद्धतीत ५० हर्ट्झचा स्वर प्रत्यक्षाहून सुमारे ३० डेसिबल कमी धरला जातो. मीटर गप्प राहतो, पण खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या कपाटातली भांडी थरथरतात. खोक्याखाली जाड रबराचे तुकडे ठेवले, तर जमिनीवाटे जाणारी कंपने बरीच कमी होतात. हवेतून जाणाऱ्या खर्जाला मात्र आवाजाची कळ खाली आणण्यावाचून दुसरा इलाज नाही.