आगबोटींचे कारागीर : अर्देशीर वाडिया

हातखंब्याहून एक वाट रत्नागिरी बंदराकडे फुटते. त्या बंदरातून आगबोटीने मुंबई गाठणारे लोक आपल्या घराघरांत होऊन गेले. आगबोटी बांधणारांची नावे मात्र आपणांस क्वचितच ठाऊक असतात. मुंबई गोदीच्या वाडिया घराण्यात १८०८ साली जन्मलेले अर्देशीर कर्सेटजी हे त्यांपैकी एक. घरची विद्या सागवानी जहाजांची. यांचा जीव वाफेत गुंतला. १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ ही लहान आगबोट पाण्यात सोडली. पुढच्याच वर्षी माझगावचा आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळला, तो पाहावयास खुद्द गव्हर्नर आले. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दुसरे, रामानुजन, यावयास १९१८ साल उजाडले!

अमेरिकेत त्या काळी जहाजे बांधणारा गृहस्थ निवडून येऊन आपल्या राज्याच्या विधिमंडळात बसू शके. मुंबईच्या कायदेकौन्सिलात भारतीयांना प्रथम जागा मिळाली ती १८६२ साली. अर्देशीरांना अधिकार मिळाला तो कारखान्यात, आणि आम्हांला तो कौन्सिलातल्या खुर्चीहून कमी वाटत नाही. १८४१ मध्येच कंपनी सरकारने त्यांना मुंबईच्या आगबोट कारखान्याचे मुख्य इंजिनिअर नेमले. गोरे कारागीर एका हिंदी माणसाच्या हाताखाली आले. पुष्कळांना ते रुचले नाही. पण इंजिने तर चालली पाहिजेत! १८५७ पर्यंत ते त्या जागेवर होते.