कॅन्टोनीज दुभाष्याची निवड : चित्रपट आणि दूरचित्रवाणी

भाषांतरकार आणि दुभाषी यांतील भेद आपण मागील विभागात पाहिला. भाषांतरकाराच्या हाती लिखित संहिता असते आणि वेळही असतो. दुभाष्याला कानी पडलेले वाक्य तत्क्षणी दुसऱ्या भाषेत न्यावे लागते. हाँगकाँगमधील चित्रीकरणाचे उदाहरण घेऊन हा भेद अधिक बारकाईने पाहू.

इंग्रजीभाषक निर्माते पुष्कळदा ‘चिनी दुभाषी हवा’ एवढेच सांगतात. चूक येथूनच सुरू होते. हाँगकाँगमध्ये चिनी आणि इंग्रजी या अधिकृत भाषा असल्या, तरी तेथील लोकव्यवहाराची भाषा कॅन्टोनीज आहे. ती केवळ मँडरिन जाणणाऱ्यास ऐकून कळत नाही. मँडरिनमध्ये चार सूर, तर कॅन्टोनीजमध्ये सहा. शिवाय औपचारिक लेखन प्रमाण चिनीत होत असल्याने लिहिण्यातले साधे ‘तो’, ‘आहे’ हे शब्दही बोलण्यात निराळे असतात. वोंग कार-वाई यांच्या ‘२०४६’ (२००४) या चित्रपटात टोनी लिआंग कॅन्टोनीज बोलतात, तर झांग झियी मँडरिनमध्ये उत्तर देतात. पडद्यावर हे खपून जाते. प्रत्यक्ष मुलाखतीत नाही.

कॅन्टोनीज वाक्याच्या शेवटी येणारे निपात हा खरा कसोटीचा भाग होय. ‘वो’ हा निपात खालून चढत्या सुरात उच्चारला, तर सांगितलेली गोष्ट ऐकीव ठरते. मराठी भाषकास हे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘त्याने पैसे घेतले’ आणि ‘त्याने पैसे घेतले म्हणे’ यांतील अंतर आपण जाणतोच. तोच ‘वो’ मध्यम, सपाट सुरात आला, तर मात्र ‘हे लक्षात घ्या हं’ असा काहीसा भाव येतो. इंग्रजीत यासाठी तसा निपात नाही. घाईत दुभाष्याने तो गाळला, तर माहितीपटातील साक्षीदाराची ऐकीव गोष्ट थेट आरोप बनून प्रक्षेपित होते, आणि त्याचे परिणाम भोगावे लागतात ते त्या साक्षीदारालाच.

मग असा दुभाषी शोधावा कोठे? ऑस्ट्रेलियातील ‘नाटी’ ही संस्था कॅन्टोनीज आणि मँडरिन यांची प्रमाणपत्रे स्वतंत्रपणे देते. परिषद-दुभाष्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५३ पासून कार्यरत आहे. मात्र परिषदेच्या काचबंद कक्षात बसून केलेले काम आणि साहसदृश्यापूर्वी दिग्दर्शकाची सूचना नटापर्यंत पोहोचवणे यांत फार फरक आहे. दुसऱ्या प्रसंगी एक गाळलेला नकार हाडे मोडण्यास पुरेसा होतो. म्हणून प्रमाणपत्र पाहिल्यावरही, संहितेविना झालेल्या संभाषणाचे पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण ऐकवून उमेदवाराची परीक्षा घ्यावी, असे माझे मत आहे. त्या मुद्रणात निदान एक ‘वो’ अवश्य असावा.

कृती : आपल्या घरातील दहा मिनिटांचे संभाषण ऐका. त्यातील ‘म्हणे’, ‘की’, ‘ना’, ‘बरं का’ यांची नोंद करा आणि ती वाक्ये इंग्रजीत सांगताना काय गळते ते लिहा.