बायबलमधील वंशावळी व त्यांचा आध्यात्मिक अर्थ

बायबलमधील वंशावळी म्हणजे जुन्या व नव्या करारात ठिकठिकाणी आलेल्या पूर्वजांच्या नामावळ्या होत. उत्पत्ती, पहिला इतिहास, एज्रा, रूथ या जुन्या करारातील पुस्तकांत आणि मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत त्या प्रामुख्याने आढळतात. सामान्य वाचक हा भाग सहसा ओलांडून पुढे जातो. यहुदी व ख्रिस्ती भाष्यकारांनी मात्र या नावांच्या क्रमात, संख्येत आणि विशेषतः अनपेक्षित नावांत आध्यात्मिक आशय शोधला आहे.

जुना करार

उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आदामापासून नोहापर्यंत दहा पिढ्या येतात. प्रत्येक पुरुषाचे आयुष्य सांगून शेवटी तो मरण पावला, अशी नोंद पालुपदासारखी येते. मथुशलहाची 969 वर्षेही याच वाक्याने संपतात. अपवाद एकच, हनोखाचा. तो 365 वर्षे जगला, देवाबरोबर चालला आणि देवाने त्याला नेले, एवढेच तेथे म्हटले आहे. एका शुष्क यादीत एकच ओळ बदलून लेखकाने मृत्यूविषयीचे आपले म्हणणे मांडले आहे, असे भाष्यकार मानतात.

पहिला इतिहास या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय जवळजवळ संपूर्णपणे वंशावळींचे आहेत. बाबेलच्या बंदिवासानंतर विस्कटलेल्या समाजाला आपण कोण, हे सांगण्याची ती खटपट होती. वंशावळीला व्यवहारात किती वजन होते, हे एज्राच्या दुसऱ्या अध्यायावरून कळते. परत आलेल्यांपैकी काही याजक घराण्यांना आपली नावे नोंदवहीत सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. जात पडताळणीसाठी वंशावळीचे शपथपत्र आणि आजोबा-पणजोबांच्या कोतवाल बुकातील नोंदीची नक्कल शोधत कचेऱ्या धुंडाळणाऱ्या वऱ्हाडातील विद्यार्थ्याला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मत्तयाची यादी

नव्या कराराचा आरंभच वंशावळीने होतो. मत्तय अब्राहामापासून दाविदापर्यंत, दाविदापासून बाबेलच्या देशांतरापर्यंत आणि तेथून ख्रिस्तापर्यंत अशा चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट करतो. ही मांडणी हेतुपुरस्सर आहे. योराम व उज्जीया यांच्यामधील तीन राजे त्याने गाळले आहेत आणि शेवटच्या गटातील नावे मोजली तर तेराच भरतात. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असते. ‘दावीद’ या नावातील तीन अक्षरांचे मूल्य 4, 6 व 4, म्हणजे एकूण 14 होते. येशू हा दाविदाचा वारस आहे, हे या संख्येतून सुचवले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मत्तयाला इतिहासाची खतावणी लिहायची नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

या यादीतील खरा गाभा चार स्त्रियांचा आहे. पितृसत्ताक वंशावळीत स्त्रियांची नावे येण्याचे कारण नव्हते. घ्यायचीच होती, तर सारा, रिबका, राहेल या थोर कुलमाता होत्या. मत्तयाने त्यांना वगळून तामार, राहाब, रूथ आणि ‘उरीयाची बायको’ यांना घेतले. तामारेने हक्काचे अपत्य मिळावे म्हणून वेषांतर करून सासऱ्याला, यहूदाला, गाठले होते. राहाब यरीहो नगरातील वेश्या होती. रूथ मवाबी होती आणि नियमशास्त्राने मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत मज्जाव केला होता. तरीही ती दावीद राजाची पणजी ठरली. चौथीचे बथशेबा हे नाव मत्तय घेत नाही. तिच्या मारल्या गेलेल्या हित्ती पतीचे नाव घेतो आणि त्यामुळे दाविदाचा अपराध वंशावळीतच नोंदला जातो. जेरोमने या स्त्रियांकडे पापी म्हणून पाहिले आणि ख्रिस्त पाप्यांसाठी आला असा अर्थ काढला. पण हा अर्थ रूथला लागू पडत नाही, आणि तामारेला निर्दोष तर स्वतः यहूदानेच ठरवले होते. त्या परक्या कुळांतील होत्या, हे मार्टिन ल्यूथरचे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. कुळाच्या शुद्धतेसाठी जी गोष्ट झाकली जाते, तीच येथे उघडपणे लिहिली आहे.

यादीच्या अखेरीस आणखी एक वळण आहे. ‘अमुकाला अमुक झाला’ ही साखळी योसेफापाशी तुटते. तो मरीयेचा पती, आणि येशू मरीयेपासून जन्मला, असे मत्तय लिहितो. येशू दाविदाच्या घराण्यात येतो तो रक्ताने नव्हे, तर योसेफाने त्याला स्वीकारल्यामुळे. मराठी वाचकाने येथे ज्ञानेश्वरीच्या अखेरची आदिनाथापासून निवृत्तिनाथांपर्यंतची परंपरा आठवावी. तीही वंशावळच आहे, पण गुरूकडून शिष्याकडे जाणारी.

लूकची यादी

लूक येशूच्या बाप्तिस्म्यानंतर वंशावळ देतो आणि ती उलट दिशेने, अब्राहामाच्याही मागे आदामापर्यंत व देवापर्यंत नेतो. येशू एका राष्ट्राचा नसून सर्व मानवजातीचा, असा याचा अर्थ लावला जातो. दाविदानंतर दोन्ही याद्यांतील बहुतेक नावे जुळत नाहीत. योसेफाचा पिता मत्तयाच्या मते याकोब, तर लूकच्या मते एली आहे. तिसऱ्या शतकातील ज्युलियस आफ्रिकानस याने मृत भावाच्या विधवेशी विवाह करण्याच्या प्रथेने या विसंगतीचा उलगडा केला. लूकची यादी मरीयेच्या माहेरची आहे, असेही पुढे सुचवले गेले. दोन्ही तर्क ओढूनताणून आणलेले वाटतात. वंशावळींच्या अतिरेकी चिकित्सेविरुद्ध इशारा नव्या करारातच, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आरंभी आहे.

मराठी संदर्भ

गावोगाव फिरून यजमानांच्या पिढ्या वाचणारे भाट व हेळवी, तसेच नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या महाराष्ट्राला परिचित आहेत. ‘वंश’ व ‘वंशानुचरित’ ही पुराणाच्या पाच लक्षणांपैकी दोन लक्षणे आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त (1616) सांगितली. पुराण हा साहित्यप्रकार या दृष्टीनेही तिला साजेसा होता.

वंशावळीचा प्रश्न प्रत्यक्ष जगण्यात सोसावा लागला तो कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल यहुदी समाजाला. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. लिखित वंशावळ त्यांच्यापाशी नव्हती. होते ते शब्बाथाचे पालन, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि गावांवरून पडलेली आडनावे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. इस्रायलमध्ये स्थलांतर केल्यावर मात्र तेथील प्रमुख धर्मपीठाने 1962 मध्ये विवाहापूर्वी त्यांच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश दिले. त्याविरुद्ध समाजाने दीर्घ आंदोलन केले. 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला आणि त्यानंतर धर्मपीठाने आपल्या निर्देशांतून त्यांचे नाव काढून टाकले.