रूप जुनं, रबर नवं

जून लागला की आमच्या दहिवलीत मनगटावरच्या घड्याळांची परीक्षा सुरू होते. उल्हास नदीवरचा पूल ओलांडून कर्जत स्टेशन गाठेपर्यंत बाह्या निथळू लागतात, आणि लोकलमध्ये बसल्यावर काचेला आतून धुकं चढलेलं दिसतं. माझं एक घड्याळ असंच गेलं. मुंबईच्या जुन्या बाजारात '१९६०च्या आसपासचं' म्हणून घेतलेलं, पाणबुड्यांच्या घाटाचं. डायल झकास दिसत होती, कारण ती नव्याने रंगवलेली होती. चावीखालचं रबर मात्र वाळून कडक झालं होतं. पहिल्याच पावसात काटे थांबले.

हा घाट आला १९५३च्या सुमारास. ब्लांपेंचं 'फिफ्टी फॅदम्स' आणि रोलेक्सचं 'सबमरिनर' तेव्हाचीच. फॅदम म्हणजे आपल्याकडची वाव. पन्नास वाव म्हणजे साधारण ९१ मीटर. काळी डायल, अंधारात चमकणारे ठळक आकडे आणि काचेभोवती फिरणारी कडी. पाण्यात उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, की किती वेळ गेला ते थेट वाचता येतं. पुढे ही कडी एकाच दिशेने फिरेल अशी केली. धक्का लागून ती सरकली तरी गेलेला वेळ जास्तच दाखवते, त्यामुळे पाणबुड्या हवा संपण्याआधी वर येतो. एवढ्याशा कडीत केवढा विचार आहे!

मुंबईशी स्विस घड्याळांचं नातं जुनं आहे. फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ पासून इथे व्यापार करत होती. तिची 'सी चीफ' आणि 'सी किंग' अजून कितीतरी कपाटांत सापडतात. नावात समुद्र असला तरी ती रोजची साधी घड्याळं. खरं पाण्यातलं म्हणजे १९६४चं 'डीप ब्लू'. सिटिझनच्या साहाय्याने १९६१ पासून बंगळुरात बनू लागलेली एचएमटी घरोघरी पोहोचली, पण ती चावीची घड्याळं पावसात काढून खिशात ठेवायची, हे आमच्या वडिलांच्या पिढीला ठाऊक होतं. ती जपावीत, लग्नाकार्याला घालावीत. भाताच्या आवणीच्या चिखलात नेऊ नयेत.

म्हणून रोजच्या वापराला जुन्या घाटाचं नवं घड्याळ घ्यावं. आधी पाठीमागचा आकडा बघा. ३० मीटर लिहिलंय म्हणजे तेवढ्या खोल जाता येईल असं नव्हे. हात धुताना उडणारे शिंतोडे तेवढे ते सोसतं. आमच्या पावसाला १०० मीटर हवेत, नदीत पोहायचं असेल तर २०० मीटर आणि आट्यांनी घट्ट बसणारी चावी. कॅसिओचं २०० मीटरचं, सेलवर चालणारं डायव्हर दहा हजारांच्या आत मिळतं. बिल गेट्स यांच्या हातातही ते दिसलं आहे. अंग मात्र मोठं, सुमारे ४४ मिलिमीटर, म्हणून बारीक मनगटाने आधी घालून बघावं. ओरिएंटचं 'माको' हाताच्या हालचालीवर चालतं, थोडं महाग पडतं, पण जुन्या डायव्हरचा तोल त्यात उतरला आहे. सेइकोची हल्लीची 'फाइव्ह स्पोर्ट्स' मला दिसायला फार आवडतात. ती १०० मीटरची आहेत आणि चावीला आटे नाहीत, हे ध्यानात ठेवून घ्यावीत.

सर्वांत मोठा धोका पुढेच आहे. सेल संपतो, आपण टपरीवर जातो, पाच मिनिटांत झाकण उघडून बंद होतं. त्या घाईत रबरी कडी चिमटते किंवा तिच्यावर धुळीचा कण बसतो, आणि २०० मीटरचं घड्याळ सरीतही टिकत नाही. सेल बदलताना रबरी कडी तपासून सिलिकॉन ग्रीस लावून घ्या, जमल्यास नवीच टाका, आणि दाबाची चाचणी करणारा घड्याळजी शोधा. त्याच्याकडे यंत्र नसेल तर निदान एवढं करता येतं: घड्याळ जरा कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. आतून धुकं दिसलं तर ओल शिरली आहे. उघडण्याचा हा प्रश्नच टाळायचा असेल तर प्रकाशावर चालणारं सिटिझनचं इको-ड्राइव्ह बघा. त्याचं झाकण वर्षानुवर्षं उघडावं लागत नाही.

चामड्याचा पट्टा इथे एका पावसाळ्यात कुजतो. रबराचा किंवा नायलॉनचा घ्यावा.

माझ्या आताच्या घड्याळाच्या काचेभोवतालच्या फिरत्या कडीचा उपयोग सांगतो. सकाळी लोकल हलली की खूण लावतो, संध्याकाळी शेतावरचा पंप सुरू केला की पुन्हा लावतो. गेल्या आषाढात आवणीला हात कोपरापर्यंत चिखलात होते. घरी येऊन घड्याळ न काढताच नळाखाली धरलं, चिखल वाहून गेला, आणि काचेआड कोरड्या डायलवर सेकंदकाटा चालत होता.