मदत वेगळी, हक वेगळा
गंभीर अपघातानंतर घराने आणि मोहल्ल्याने काय करावे?

२२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात माहेजी आणि परधाडे स्थानकांदरम्यान जे घडले, ते खानदेशातले कोणीही विसरलेले नाही. पुष्पक एक्स्प्रेसला आग लागल्याची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना उडवले. बारा-तेरा माणसे गेली, अनेक जखमी झाली. त्याच दिवशी रेल्वेने मदत जाहीर केली : मृतांच्या वारसांना दीड लाख, गंभीर जखमींना ५० हजार आणि किरकोळ जखमींना ५ हजार रुपये. राज्य सरकारने मृतांच्या वारसांसाठी ५ लाख जाहीर केले.

अशी बातमी वाचली की आपण म्हणतो, "चला, बिचाऱ्यांना काहीतरी मिळाले." इथेच आपली समज अपुरी पडते. जाहीर झालेली रक्कम ही सानुग्रह मदत असते, म्हणजे सरकारची मेहरबानी. कायद्याने मिळणारी भरपाई हा हक आहे. तो मागावा लागतो, त्याला मुदत असते आणि त्याला कागद लागतात. मेहरबानीचा धनादेश हाती आला म्हणून हक संपत नाही. पण मुदत निघून गेली तर हक हातचा जाऊ शकतो.

खानदेशातल्या आणखी दोन घटना आठवा. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला. किमान १३ जणांचा जीव गेला, अनेक जण होरपळले. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपई घेऊन जाणारा ट्रक रात्री उलटला आणि रावेर परिसरातील पंधरा-सोळा मजूर दगावले. एक रेल्वेचा अपघात, एक कारखान्याचा, एक रस्त्याचा. तिन्हींचा कायदा वेगळा, कार्यालय वेगळे, मुदतही वेगळी. म्हणून जखमीच्या घराने सर्वात आधी हे विचारावे की आपला अपघात कोणत्या खात्यात मोडतो?

रस्त्यावरचा अपघात

आपल्या भागातून मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग जातात. त्यामुळे जास्तीत जास्त घरांवर हीच वेळ येते.

पहिला प्रश्न उपचाराचा. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. त्यापुढचा खर्च असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यासाठी रेशन कार्ड आणि आधार कार्ड पहिल्याच दिवशी दवाखान्यातील योजनेच्या खिडकीवर दाखवावे. डिस्चार्जच्या वेळी आठवण होऊन उपयोग नसतो. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्या माणसाला पोलीस किंवा दवाखाना त्रास देऊ शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने त्याला संरक्षण दिले आहे. आपल्या तरुणांना हे ठाऊक असायला हवे, म्हणजे रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलताना कोणी कचरणार नाही.

दुसरा प्रश्न भरपाईचा. कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. त्याहून जास्त नुकसान झाले असेल तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. जळगाव आणि धुळे येथे हे काम जिल्हा न्यायालयातच चालते. अपघात सुरतेला झाला असला तरी अर्जदार जिथे राहतो तिथे दावा लावता येतो. कामासाठी गुजरातेत जाणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीतच नसते आणि "तिकडे कोण फेऱ्या मारणार?" म्हणून ते गप्प बसतात.

धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही तरी रस्ता बंद होत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा प्रकरणात मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयातून सुरुवात करावी.

दुचाकी स्वतःच घसरली तर समोर दुसऱ्याचा विमा नसतो. अशा वेळी गाडीच्या मालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण कामी येते. मृत्यू झाला किंवा हात, पाय, डोळा कायमचा गेला तर ते लागू होते. विमा भरताना दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी ते वगळू नका.

मालवाहू गाडीबाबत एक सावधगिरी. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा गाडीवर कामाला असलेला हमाल यांना विम्याचा आधार असतो. सहज म्हणून टपावर बसलेल्या माणसाबाबत मात्र विमा कंपनी हात वर करते. म्हणून मजुराचे काम, मजुरी आणि मुकादमाचे नाव यांची कुठेतरी नोंद असली पाहिजे.

सहा महिने आणि इद्दत

कलम १६६ खालच्या दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. कर्ता माणूस अपघातात गेला तर त्याच्या पत्नीची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. ती संपून घर सावरेपर्यंत सहा महिने होत आलेले असतात. कोणी सांगितले नाही तर दाव्याचे नाव निघते तेव्हा वेळ टळलेली असते. उपाय सोपा आहे. वकिलाने किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या माणसाने घरी येऊन वकीलपत्रावर सही घ्यावी, कागद दीर किंवा भावाने गोळा करावेत. बाहेर जाण्याची खरोखर गरज पडली तर आपल्या आलिमांना विचारावे. पण इद्दत आहे म्हणून कागद थांबता कामा नयेत.

कारखाना, यंत्रमाग, शेत, रेल्वे

धुळ्यात यंत्रमाग आहेत. जळगावच्या एमआयडीसीत चटई आणि पाइपचे कारखाने आहेत, डाळ मिल आहेत. तिथे हात यंत्रात गेला तर "ठेकेदाराचा माणूस होता" हे उत्तर कायद्यात चालत नाही. मूळ मालकावरही जबाबदारी येते. अशा दाव्यांसाठी १९२३ चा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ईएसआयसी लागू असेल तर बरे होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. मात्र कार्डावर नाव हवे. ते नोंदले आहे का, हे आजच विचारा.

शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी कार्यालयात आणि लवकरात लवकर करावा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अनेकांच्या नावे सुरू असते आणि घरात कोणालाच ठाऊक नसते. अपघात झाल्यावर पासबुकात ती नोंद जरूर शोधा.

रेल्वेतून पडून इजा झाली तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. मृत्यूसाठी ८ लाख रुपये आणि दुखापतीसाठी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे रक्कम असते. धावपळीत तिकीट हरवले एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

हाताची किंमत कशी ठरते?

२०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने समजावून सांगितलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डावा हात गेला तर डॉक्टर ६० टक्के अपंगत्व लिहितील. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास १०० टक्के जाते. तोच सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते. म्हणून न्यायाधिकरणापुढे केवळ टक्के सांगू नका. माणूस काय काम करत होता आणि आता काय करू शकत नाही, ते सांगा.

हिशेब असा असतो. वय ३२, महिन्याची कमाई १२ हजार आणि कमाईतील घट ४० टक्के धरली तर वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात. या वयाचा गुणक १६ आहे. त्याने गुणले की २३ लाख ४ हजार आणि त्याचे ४० टक्के म्हणजे ९ लाख २१ हजार ६०० रुपये. उपचाराचा खर्च, वेदना, देखभाल आणि पुढे वाढू शकणारी कमाई हे याखेरीज. आता विचार करा, पोलीस ठाण्याच्या आवारात पंचवीस-तीस हजारांवर समझोता करणारे घर काय गमावते! आणि जखमी गृहिणी असेल तर तिची कमाई शून्य धरायची नसते. घरकामालाही मोल आहे, हे न्यायालयाने मान्य केले आहे.

गुणक वयावर ठरतो. ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५. इथे शाळेचा दाखला उपयोगी पडतो. शिक्षिका म्हणून मी रोज पाहते की उर्दू शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि रेशन कार्डावर तिसरे असते. कुठे शेख, कुठे शैख, कुठे नुसते शे. जन्मतारीखही जुळत नाही. अपघातानंतर हेच फरक दाव्यात अडथळा होतात. धडधाकट असतानाच ते दुरुस्त करून घ्या.

मोहल्ल्याची जबाबदारी

कमावत्या माणसाला गंभीर इजा झाली की पहिल्या आठवड्यात दवाखान्यात गर्दी असते. दुसऱ्या महिन्यात कोणी नसते. तिसऱ्या महिन्यात मोठा मुलगा शाळेत येणे बंद करतो, कारण तो गॅरेजवर जायला लागलेला असतो. आमच्या हजेरीपटावर अशी नावे आम्हाला दिसतात. अपघात बापाचा होतो आणि किंमत पोराची पिढी मोजते.

आपल्याकडे जकात आहे, सदका आहे, अनेक ठिकाणी बैतुलमाल आहे. जकातीच्या आठ हकदारांमध्ये कर्जात बुडालेला माणूसही आहे आणि उपचारासाठी उसने घेतलेला जखमी बहुधा याच गटात येतो. दावा लागायला वर्षे लागतात. तोवर घर सावकाराकडे जाऊ नये, म्हणून कर्जे-हसना द्यावे. मुलांची फी आणि वह्या-पुस्तके वर्षभरासाठी कोणीतरी उचलावीत. आणि एक लक्षात ठेवा, इमदाद मिळाली म्हणून कायदेशीर भरपाई कमी होत नाही.

काही घरांत म्हणतात, "तकदीर होती, पैसे घेऊन काय करायचे?" सब्र आपल्या जागी आहे. पण शरियतने चुकून झालेल्या मृत्यूसाठी दियत आणि अवयवाच्या इजेसाठी अर्श ठरवला. चुकून झालेल्या मृत्यूच्या दियतीचा भार अपराध्याच्या नातेवाइकांच्या गटाने, आकिलाने, मिळून उचलायचा असतो. म्हणजे नुकसानीचा मोबदला मागणे हे बेसब्रीचे लक्षण नाही. निकालाच्या रकमेवर व्याज लागते आणि बरेचदा ती मुदत ठेवीत ठेवली जाते. व्याजाच्या भागाचे काय करावे, हे आपल्या मुफ्तींना विचारावे. पण त्या शंकेपायी मुद्दल सोडून देऊ नये.

प्रत्येक मशिदीच्या कमिटीने शिकलेल्या एका तरुणाला किंवा तरुणीला हे काम नेमून द्यावे. अपघाताची खबर येताच त्याने त्या घरी जाऊन एक फाइल सुरू करावी. तिच्यात एफआयआर व पंचनाम्याची प्रत, दवाखान्याचे केसपेपर, प्रत्येक औषधाचे बिल, क्ष-किरण फोटो, वाहनाचा नंबर व विम्याची माहिती, कमाईचा पुरावा आणि वयाचा दाखला असावा. पोलिसांनी ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपघाताचा सविस्तर अहवाल द्यायचा असतो. त्याची प्रत मागावी. अपंगत्व राहिले तर जिल्हा शासकीय रुग्णालयातून यूडीआयडी प्रमाणपत्र काढावे आणि तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा. दिव्यांगांना तिच्यात आता दरमहा २,५०० रुपये मिळतात.

वकिलाची भीती बाळगू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरण महिला, मुले, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील देते. फोन क्रमांक १५१००. "एवढे टक्के माझे" म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहा. भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवणे वकिलांच्या नियमांतही बसत नाही. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नका.

हा लेख वाचून झाल्यावर तीन कामे करा. घरातल्या गाड्यांचा विमा चालू आहे का ते पाहा. सगळ्यांच्या कागदांवरची नावे आणि जन्मतारखा जुळवा. आणि येत्या जुम्म्याला नमाजनंतर आपल्या कमिटीला विचारा, आपल्या मोहल्ल्यात कोणावर अशी वेळ आली तर फाइल कोण सांभाळणार?