उभ्या गाडीचे ऑईल केव्हा बदलावे?

जर्मनीत काही मोटारींच्या नंबर प्लेटवर उजव्या टोकाला ०४ आणि १० असे दोन आकडे एकाखाली एक असतात. ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने रस्त्यावर येणार, असा त्याचा अर्थ. १९९७ पासून तिकडे ही सोय आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळण्यासाठी मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो. म्हणून हौशी मंडळी त्या दिवसांत गाडी झाकून ठेवतात. आपल्याकडे कारण निराळे. नोकरी मुंबईला आणि गाडी गावी! ती मे महिन्यात आणि दिवाळीत निघते, मधला पावसाळा शेडमध्ये. बँकेत वाहनकर्जाचे अर्ज पाहताना आम्हांस हमखास विचारतात, "साहेब, वर्षाला दीड हजार किलोमीटरही गाडी चालत नाही, मग ऑईल कशाला बदलायचे?"

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्याची बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, थोडी मात्र पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑईलमध्ये उतरते. इंजिन चांगले तापले तर तीही उडून जाते. थंड राहिले तर तिचे पाणी होते व ज्वलनातील वायूंशी मिळून आम्ल बनते. ऑईलमध्ये आम्ल मारणारी द्रव्ये असतात, पण ती वापराने संपत जातात. असे थकलेले ऑईल चार महिने बेअरिंगला लागून राहिले तर धातू खाल्ला जातो. कर्जाचे हप्ते फिटण्याआधीच इंजिन उघडण्याची पाळी येणे कोणाला परवडेल?

म्हणून ऑईल व फिल्टर बदलावा तो गाडी उभी करण्यापूर्वी, बाहेर काढताना नव्हे. इंजिन गरम असताना जुने ऑईल काढावे, म्हणजे घाणही उतरते. नवे भरून थोडी फेरी मारावी. बाहेर काढल्यावर पुन्हा बदलणे हा आमच्या मते निव्वळ खर्च. वर्षातून एकदा पुरे, पण किलोमीटर कितीही कमी असले तरी एकदा हवेच. गाडीच्या पुस्तिकेत 'किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते' असे लिहिलेले असते. त्यातले 'महिने' आपण वाचतच नाही.

शेजाऱ्याकडे किल्ली देऊन आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करायला सांगण्याची पद्धत तर उलटीच. त्याने पाणी तेवढे साठते. जमल्यास अर्धा तास रस्त्यावर फिरवावी, नाहीतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून गाडी तशीच राहू द्यावी.

काढलेले ऑईल वाळवीसाठी लाकडाला फासतात किंवा गटारात ओततात. दोन्ही टाळावे, ते माती-पाण्यात उतरते. ते सर्व्हिस सेंटरकडेच राहू द्यावे.